हंबीररावाचा रुंद टायर आणि दोन बोटं फट

आमचा शेजारी हंबीरराव फौजेत अठरा वर्षं काढून पाटणच्या अलीकडल्या आमच्या गावी परतला, आणि वर्षाच्या आत मिलिटरीच्या लिलावातली एक फटफटी घेऊन आला. तिचीही नोकरी भरलेलीच होती. मागच्या दोन्ही स्प्रिंगा पार थकलेल्या. आळीत ती एकच फटफटी, त्यामुळं तिच्या आवाजाला शिव्या घालायला सगळी आळी मोकळी.

त्याच्या बायकोचं, राहीबाईचं, गाऱ्हाणं मात्र वेगळं. नवरा फौजेत, म्हणून वडूजला माहेरच्या प्रत्येक कार्याला ती एकटीच यष्टीनं गेलेली. दिवाळीत दोघं पहिल्यांदा जोडीनं फटफटीवर निघाली, तर पुसेसावळीच्या पुढं बारीक चाक फुफाट्यात फसलं आणि राहीबाई फराळाच्या डब्यासकट रस्त्यावर. तिथनंच माघारी आली ती. आता पंच्याहत्तरच्या वैशाखात तिच्या भाच्याचं लगीन निघालं. या खेपेला नवऱ्याबरोबर मांडवात शिरायचं, हे तिनं ठरवून टाकलं आणि बजावलं, "चाक रुंद करा. न्हाईतर माझी यष्टी बरी."

झालं! हंबीररावानं सांगलीच्या जुन्या बाजारातनं कुठल्याशा दांडग्या गाडीचा टायर उचलून आणला. रिमचं माप तेवढं जुळलं. अंगणातल्या चिंचेखाली काम सुरू झालं आणि माझी दुपारची झोप संपली, कारण पहार माझी होती.

"पाटणला दुकान हाय की रं. तिकडं ने," मी म्हटलं.

"भाऊसो, फौजेत आमी आख्खा ट्रक खोलून जोडलाय."

"मग चालला का त्यो?"

"तू पहार धर."

पहारीनं टायर चढवताना ट्यूब चावली. ठिगळ लावलं. पुन्हा चावली. मग टायर सुळकन सरकावा म्हणून राहीबाईचा अंगाचा नवाकोरा साबण रिमवर खर्ची पडला. टायर बसला, तर चाक जागेवर जाईना. गेलं, तर डावीकडं चेनला घासायला लागलं. वायसर घालून उजवीकडं सरकवलं, तर चेन वाकडी. चेन सरळ करतोय, तर टायर मडगार्डला टेकला. मग मडगार्ड ठोकून ठोकून वर चढवलं. त्या ठणठणाटानं आमच्या म्हशीनं दूध चोरलं. बायको माझ्यावर डाफरली.

शेवटी टायर आणि मडगार्ड यांच्यात दोन बोटं फट पडली. येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून हंबीरराव त्यात बोटं घालून दाखवायचा. चावडीपुढून, मळ्यातून त्यानं गाडी पळवून बघितली. एकट्यानंच. राहीबाई मागं कशी बसणार? आमच्याकडं वडीलधाऱ्यांदेखत बाईनं नवऱ्यामागं गाडीवर बसायची रीत नाही. डोईवर पदर घेऊन ती ओढ्यापलीकडं चालत जाणार आणि तिथं गाडीवर बसणार. मी म्हटलं, "मी बसून बघू का?"

"तू? तुझ्या वजनानं ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा बसंल!"

हळदीच्या दिवशी सकाळी राहीबाई नवं लुगडं नेसून ओढ्यापलीकडं गेली. गठुडं घेऊन मीही मागं. हंबीरराव ऐटीत आला. ती बसली, त्यानं गाडी सोडली आणि खर्रर्र करत रबराचा जळका वास सुटला. दहा हातांवर गाडी थांबली. त्यानं खाली वाकून बघितलं, तर फटीत एकही बोट शिरेना.

"उतर बरं."

ती उतरली. दोन बोटं गेली.

"बस."

एकही जाईना.

"उतर."

"आवं, मी काय उठाबशा काढाय आलीया व्हय हितं?"

मी हसलो, तर दोघांनीही माझ्याकडं असं बघितलं की जणू स्प्रिंगा मीच बसवल्या होत्या.

"मडगार्ड आनखी जरा ठोकतो, माघारी चल," हंबीरराव म्हणाला.

"हळद काय तुमच्या हातोड्यासाठी थांबतीया?"

तेवढ्यात वळणावर यष्टी दिसली. हंबीररावाचा चेहरा उजळला. "मग तू यष्टीनं हो म्होरं. एकट्याला घासत न्हाई. मी येतोच मागनं."

राहीबाईनं माझ्या हातातलं गठुडं हिसकून घेतलं. "माझ्या भावाला फटफटी न्हाई दावायची. अठरा वर्सं त्यो इचारतोय, दाजी कुठाय म्हून. अवंदा दाजी दावायचाय." आणि तिनं हात केला.

यष्टी थांबली. ती चढली आणि दारातच उभी राहिली. हंबीरराव एकदा टायरकडं बघे, एकदा तिच्याकडं. कंडक्टर कावला, "पावनं, येताय का जाऊ?"

चढला गडी. तीही दारातनं आत सरकली. खिडकीतनं ओरडला, "भाऊसो, गाडी घरला ने! ढकलतच ने, चालवू नगंस!"

ओढ्यापासनं घरापर्यंत सगळा चढ. रुंद टायर फुफाट्यात कुठं रुतला नाही, कुठं घासलाही नाही. वाटेत जो तो विचारी, "भाऊसो, फट किती हाय म्हनं?" मी कुणालाही बोटं घालून दाखवली नाहीत.