गोल न करणारा कोच

किस्से कुणी साठवत नाही, ते साठतात. फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात छोटे डबे साठतात ना, तसे. एक दिवस लोणचं शोधायला हात घालावा आणि सात डबे निघावेत. माझ्या कोपऱ्यातले बहुतेक डबे स्टोयान कोचचे आहेत.

मी चौथी शिकलेली. भावानं बोलावलं म्हणून नागपूरहून अमेरिकेत फ्रीमाँटला आले. घरगुती डबे करते आणि शनिवारी भाचीच्या सॉकर क्लबात खाण्याच्या टेबलाशी उभी राहते. भाचीचं नाव सुजाता, वय अकरा. स्टोयान तिच्या टीमचा कोच. बल्गेरियाचा माणूस, सगळं आयुष्य डिफेंडर म्हणून खेळला. म्हणजे गोल करायचा नाही, दुसऱ्याला करू द्यायचा नाही. त्याचं इंग्रजी मोडकं, माझंही मोडकं, त्यामुळे आमचं छान जमतं. चांगलं इंग्रजी येणाऱ्यांचंच त्याच्याशी जमत नव्हतं.

* * *

त्याची सुरुवात एका खाणीच्या गावातल्या टीमकडून झाली. जिंकलं की क्लब प्रत्येक खेळाडूला एक जिवंत कोकरू द्यायचा. हा राहायचा चौथ्या मजल्यावर. कोकरू बाल्कनीत. एकदा लागोपाठ तीन सामने जिंकले, तर बाल्कनीत तीन कोकरं आणि खालच्या मजल्यावरची बाई दारात.

मी विचारलं, "आणि हरलात की?"

म्हणाला, "हरलो की कोकरं जिंकायची."

* * *

देशाकडून तो एकदाच खेळला. शेवटची चार मिनिटं. सगळं गाव टीव्हीसमोर. त्याची आईही बसलेली, पण तिनं दह्यासाठी दूध तापत ठेवलं होतं. ती गॅस बंद करायला आत गेली तेव्हा हा मैदानात उतरला. ती बाहेर आली तेव्हा सामना संपला होता.

हे सांगताना त्याचा चेहरा पडला. टेबलाभोवतीच्या दोन बायका "ओ नो" म्हणाल्या.

मी म्हटलं, "दूध उतू गेलं का?"

"नाही."

"मग तिनं बरोबर केलं."

तो मग म्हणाला, "तीही हेच म्हणाली होती."

* * *

दह्यावरून आमचं एकदा कडाक्याचं वाजलं. मी माझ्या हातचं दही त्याला दिलं. त्यानं चमचाभर खाल्लं, डोळे मिटले, आणि म्हणाला की चांगलं आहे, शिकाल हळूहळू. मला! लग्नाच्या आधीपासून विरजण लावतेय मी! त्याला म्हटलं, बाबा, तू पाय सांभाळ, माझ्या पातेल्यात येऊ नकोस.

पुढच्या शनिवारी त्यानं बरणीतून त्याच्या घरचं विरजण आणून टेबलावर ठेवलं. मी बघून न बघितल्यासारखं केलं. घरी येताना बरणी पिशवीत कशी आली ते मला ठाऊक नाही.

दोन दिवसांनी भाऊ जेवताना म्हणाला, "ताई, आज कढी काही वेगळीच झालीय."

मी म्हटलं, "इथलं पाणी चांगलं आहे."

* * *

इथं मुलाला खेळायला घालताना डोक्याला मार लागण्याचा एक लांबलचक फॉर्म भरावा लागतो. आम्ही सगळे तो न वाचता सही करत होतो, तेव्हा कोचनं सांगितलं. एका सामन्यात त्याच्या डोक्याला दुसऱ्याचं डोकं लागलं. डॉक्टर धावत आला. नाव विचारलं, यानं सांगितलं. गाव विचारलं, सांगितलं. स्कोर विचारला, तर हा गप्प.

डॉक्टर म्हणाला, याला बाहेर काढा.

तेव्हा त्याचा कोच लांबून ओरडला, "त्याला स्कोर कधीच माहीत नसतो. खेळू द्या."

* * *

आता समीर. समीर आमच्या पालकांच्या कमिटीचा अध्यक्ष. सनीव्हेलला चिपच्या कंपनीत आहे. माणूस वाईट नाही, पण त्याला प्रत्येक गोष्टीचा ग्राफ लागतो. कोचनं पहिला महिनाभर मुलींना बॉलच दिला नाही. नुसतं उभं राहायला, वळून बघायला, उलटं चालायला शिकवलं. समीरनं विचारलं, बॉल कधी देणार? कोच म्हणाला, "बॉल येतोच. त्याला बोलवावं लागत नाही."

टीम हरत नव्हती, पण गोलही होत नव्हते. समीरचा ग्राफ जमिनीला टेकला. एका सामन्यात सुजातानं बॉल पुढे मारायच्या ऐवजी मागे पास केला, तर समीर रेषेवरून "शूट! शूट!" ओरडायला लागला. पोरगी रडकुंडीला आली.

मी टेबल सोडून त्याच्यामागे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "समीर, सोमवारी मी तुझ्या ऑफिसात येते. तुझ्या खुर्चीमागे उभी राहून 'टाइप कर, टाइप कर' ओरडते. बघू किती चिपा होतात."

त्या दिवशी त्यानं ओरडणं थांबवलं. पण रात्री सगळ्या पालकांना त्याची ईमेल गेली की कोच बदलायचा का, यावर मत घेऊ.

आता यातली गंमत बघा. कोचचा व्हिसा क्लबच्या नोकरीवर होता. नोकरी गेली की देश सोडायचा. आणि त्यावर मत कोण देणार, तर अकरा पालक, त्यातले आठ स्वतः व्हिसावर. कंपनीतून मेल आला की जी आधी आपल्या व्हिसाची तारीख बघतात, तीच माणसं दुसऱ्याला काढायची तारीख कॅलेंडरवर टाकत होती. मी हे समीरच्या बायकोला तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, मावशी, इट्स नॉट पर्सनल. मी म्हटलं, व्हिसा पर्सनलच असतो गं, त्यावर फोटो असतो.

* * *

कोच अजून आमच्याकडेच आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्ही किस्सा सोडून तेवढंच विचारत बसाल.

मीटिंग रविवारी, क्लबच्या हॉलमध्ये. समोसे माझे. समीर म्हणाला, मत द्यायच्या आधी फेअर चान्स देऊ, कोचनं आपल्या करिअरमधला सगळ्यात चांगला सामना दाखवावा. कोचकडे एक जुनी कॅसेट होती, ती कुणीतरी कॉम्प्युटरवर चढवून आणली. दिवे घालवले.

सुरुवातीला दोन्ही टीम ओळीनं उभ्या. समोरच्या टीममध्ये खांद्यापर्यंत केस असलेला एक उंच माणूस, पाठीवर नऊ नंबर. सगळं स्टेडियम त्याचंच नाव घेत होतं. कोच म्हणाला, त्या वर्षी आमच्या देशात सगळ्यात जास्त गोल याचे. दुसऱ्या ओळीच्या टोकाला कोच स्वतः, तरुण, नाक तेव्हा सरळ होतं.

सामना सुरू झाला. कॅमेरा बॉलच्या मागे. बॉल इकडे, बॉल तिकडे. दहा मिनिटं झाली, वीस झाली, कोच काही दिसेना. कुणी फोन काढला. समीरनं व्हिडिओ पळवला. अर्धा सामना संपला, दुसरा अर्धा सुरू झाला, तोही संपला. शून्य-शून्य. दिवे लागले.

समीर आवाज मऊ करून म्हणाला, "कोच, सॉरी, पण या सगळ्या सामन्यात तुम्ही एकदाही दिसला नाहीत."

"हो," कोच म्हणाला. "आणि नऊ नंबर?"

समीरनं व्हिडिओ मागे घेतला. पुढे नेला. पुन्हा मागे घेतला. सगळे पालक खुर्च्या ओढून पडद्याजवळ गेले.

मग समीर म्हणाला, "तोही नाही."