बंद गळा

पेसमेकर बसवल्यापासून डाव्या खांद्याखाली काडेपेटीएवढा उंचवटा आलाय. आरशात पाहते तर मंगळसूत्र त्याला वळसा घालून उतरतं, ओढा धोंड्याला घालतो तसा.

जाऊबाई काळजीने म्हणाल्या, "आता बंद गळ्याची ब्लाउजं शिवून घे गं. हळदीकुंकवाला बायका बघत राहतील."

बघू देत! चष्मा लागला तेव्हा मी काही तोंड झाकून फिरले नव्हते. जन्मभर विनातक्रार राबलेलं हृदय मध्येच रेंगाळलं, तर हे यंत्र त्याला हलकेच ढोसतं, एवढंच. बाकीचे ठोके अजून माझेच आहेत.

शिंपीणबाईंनी टेप लावला, उंचवट्यापाशी थबकल्या आणि हळूच विचारलं, "गळा वर घेऊ?"

"नको," मी म्हटलं. "उलट बोटभर खालीच घ्या."