सुनेचं नाक

बर्फ वितळला होता. मासेवाल्याने खोकं फळीवर ठेवलं तेव्हा मावशींच्या नजरेत पहिलं हेच भरलं. सहा बांगडे पाण्यात तरंगत होते, मेल्यावर पुन्हा पोहायला शिकल्यासारखे.

"वाटेत गाडी बंद पडली, मावशी," मासेवाला म्हणाला. "पण माल ताजा आहे. डोळे बघा की त्यांचे."

मावशींनी डोळे बघितले. स्वच्छ होते. कल्ला उघडून बघितला, लाल होता. पाठीवर बोट दाबलं, खळगा लगेच भरून आला. डोळ्यांची साक्ष झाली, बोटांची झाली. राहिली तिसरी, सगळ्यांत मोठी, नाकाची, आणि ती मावशींना स्वतःला देता येत नव्हती. चार महिन्यांपूर्वी आठ दिवस ताप आला. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणारही नाही. मावशींनी कांदा हुंगला, व्हिनेगरची बाटली नाकाला लावली, एकदा तर दार लावून घेऊन कापसाची वात जाळून बघितली. काही नाही. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

सांगणार तरी कसं? धोबी आणि घड्याळदुरुस्तीच्या मधलं ते लहानसं सुशीचं, भातावर कच्चा मासा ठेवून देणारं दुकान, फळीपुढे आठ स्टुलं, तीन टेबलं, घरच्या चपला घालून येणारी गिऱ्हाइकं. मावशी तिथे बाविसाव्या वर्षी तांदूळ धुवायला आल्या होत्या. दुकान तेव्हा म्हातारबाबांचं. त्यांनी दोन वर्षं सुरीला हात लावू दिला नाही. डोळ्यांवर भांडी पुसायचं फडकं बांधायचे, नाकाखाली बशी धरायचे आणि विचारायचे, कालचा की परवाचा? उत्तर चुकलं की दिवसभर तांदूळ. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: सुरी हाताची असते, दुकान नाकाचं. दुकान मावशींच्या हवाली केलं त्या दिवशीही ते हेच म्हणाले आणि पुढे म्हणाले, "ज्या दिवशी नाक जाईल त्या दिवशी कोणी सांगायची वाट बघू नकोस. फळीमागून उठ." मावशींनी हसत हसत शब्द दिला. पस्तिशीत अशा गोष्टींचा शब्द द्यायला काय जातं?

आता छप्पन्न चालू होतं. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. मुलगा जहाजावर, इंजिनाच्या खोलीत, वर्षातून दोनदा घरी. बाकी जे काही होतं ते फळीमागच्या त्या चार हात जागेत होतं. तिथून उठून जायचं कुठे, हे मावशींना खरंच माहीत नव्हतं, आणि त्या विचाराची त्यांना भीती वाटत होती.

म्हणून त्यांनी सुनेचं नाक वापरायला काढलं.

सून दोन वर्षांपूर्वी घरात आली आणि टेबलं सांभाळायला लागली. दोघींचं भांडण नव्हतं, पण गूळपीठही नव्हतं. "चहा झाला का" आणि "वाट्या पुसल्या का" यापलीकडे सासूने सुनेला कधी काही विचारलं नव्हतं. तापातून उठल्यावर एका सकाळी मावशींनी मासा तिच्यापुढे धरला. "जरा हुंग. तुला काय वाटतं?" पोरगी आधी दचकली. मग वाकून तिने मनापासून वास घेतला आणि सांगितलं, पोटाकडे थोडा जड वाटतो. मावशींनी तो मासा बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तिसऱ्या दिवशीही. सासू आपल्याला धंदा शिकवते आहे, असं सुनेने धरून चाललं, आणि मावशींनी तिला तसं धरू दिलं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ते हेच. खरं म्हणजे पोरीचं नाक तिखट होतं. तीन आठवड्यांत ती सकाळचा आणि आदल्या संध्याकाळचा मासा वेगळा सांगायला लागली. मावशींना त्याचा आधार वाटायचा आणि थोडा जळफळाटही व्हायचा.

तर त्या सकाळी मावशींनी खोकं पुढे सरकवलं. "बघ गं."

सून वाकली, बराच वेळ वाकून राहिली आणि मान डोलावली.

"चांगले?"

मान.

"सगळे?"

पुन्हा मान.

"बोललीस तर तोंडातले मोती सांडतील का?" मावशी म्हणाल्या. आदल्या दिवशी त्यांनी वाट्यांवरून तिला गिऱ्हाइकांसमोर बोल लावला होता. आता बाईसाहेब फुगल्या आहेत, हे त्यांनी ओळखलं, म्हणजे त्यांना तसं वाटलं. सुना फुगल्या की गप्प होतात, हे सांगायला सासूला पंचांग लागत नाही. सून पदरासारखा एप्रन तोंडाशी धरून आत गेली. मावशींनी सुरी घेतली, बांगडे चिरले, मीठ लावून ठेवले, मग मीठ धुऊन व्हिनेगरात घातले. हात नेहमीसारखे चालले. पण त्या वितळलेल्या बर्फाने मनात घर केलं होतं. वाटीतल्या फोडींकडे त्या तीनदा वळून बघून आल्या. बघून काय कळणार होतं?

एक वाजता दाराचा पडदा हलला आणि घड्याळवाले आत आले.

मावशींनी त्यांना दोन महिन्यांनी पाहिलं. शेजारच्या दुकानात बसून गल्लीभरची घड्याळं दुरुस्त करणारा हा माणूस दर गुरुवारी एक वाजता यायचा, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचा आणि बांगडा खायचा. मध्ये पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. आता सदरा अंगावर हँगरला टांगल्यासारखा लोंबत होता.

"सुटलो," ते बसत म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, आता सगळं खा, पण जपून. पोट तान्ह्या मुलाचं आहे म्हणे. बाहेरचा पहिला घास कुठे घ्यायचा, हे मी तिथे पडल्या पडल्याच ठरवलं होतं."

मावशींनी बांगड्याची वाटी मागे सारली.

"आज काकडी आणि अंडं देऊ का? हलकं पडेल."

"दोन महिने पलंगावर पडून मी काकडीची स्वप्नं नाही बघितली, मावशी. नेहमीचं द्या."

मावशींनी आत डोकावून बघितलं. सून भांड्यांच्या फळीशी उभी होती. "सकाळी नीट बघितलंस ना?" त्यांनी हळूच विचारलं. सुनेने मान डोलावली, यावेळी जरा उशिराने. मावशींना वाटलं, अजून राग आहे.

त्यांनी बांगडा कापला. बोटं ओली करून भाताचं मुटकं वळलं, वर फोड बसवली. चार आणखी केली, कारण मधल्या टेबलावरच्या तीन कारकुनांनीही बांगडाच मागितला होता. बशी तिकडे गेली. मग घड्याळवाल्यांची बशी त्यांनी स्वतः पुढे ठेवली. घड्याळवाल्यांनी मुटकं दोन बोटांत उचललं आणि नेमके बोलायला लागले. दवाखान्यातल्या भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं मागे होतं. नर्सला त्यांनी सांगितलं, खुर्ची द्या, मी दुरुस्त करतो. मावशी त्यांच्या बोटांकडे बघत होत्या. खा एकदाचा, असं वाटत होतं आणि खाऊ नका, असंही.

बोलता बोलता ते थांबले. नाक वर केलं.

"मावशी, काहीतरी करपतंय का?"

मावशी मागे वळल्या. आत शेगडीवर भाताचं पातेलं होतं आणि झाकणाच्या कडेने धुराची बारीक रेघ निघत होती. पातेल्यापासून हातभर अंतरावर, पाठ करून, सून शांतपणे वाट्या पुसत होती. फळीपलीकडच्या आजारी माणसाला वास आला होता. पातेल्याशेजारी उभी असलेली सून मात्र वाटीचा काठ पुसत होती.

पोरगी फुगली नव्हती. तिचं नाक बंद होतं. सकाळी त्या खोक्यावर दोघी वाकल्या होत्या आणि दोघींपैकी एकीलाही वास आला नव्हता.

त्या वळल्या तेव्हा मुटकं घड्याळवाल्यांच्या ओठांपाशी पोचलं होतं. मावशींनी फळीवरून हात टाकून त्यांचं मनगट धरलं.

"खाऊ नका."

थाप तयार होती. भात जमला नाही, दुसरं देते, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. चार महिन्यांत त्यांनी याहून अवघड थापा मारल्या होत्या. पण मधल्या टेबलावर दुसरी बशी होती. कारकून तिचे फोटो काढत होते, एक जण तर खुर्चीवर चढला होता. एरवी या खुळाला मावशी नाकं मुरडायच्या, आज त्यांनी मनात हात जोडले. तिथपर्यंत पोचायचं तर मोठ्याने बोलावं लागणार होतं, आणि मोठ्याने बोललं की सगळ्यांनाच कळणार होतं.

"बांगडा कोणी खाऊ नका," त्या म्हणाल्या. "तो चांगला आहे की नाही, मला माहीत नाही. मला वास येत नाही. चार महिने झाले."

आतून गॅस बंद केल्याचा आवाज आला आणि सून फळीशी येऊन उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"तुम्हाला वास येत नाही?" तिचा आवाज नाकात अडकला होता. "अहो आई, पण मला काल संध्याकाळपासून सर्दी आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"आवाजावरून कळलं असतं." तिचे डोळे भरले. "दोन वर्षांत तुम्ही मला पहिल्यांदाच काही विचारायला लागलात. एक दिवस नाही म्हटलं तर परत विचारणार नाही, असं वाटलं. आणि शेवटी तुम्ही बघताच ना. मी म्हटलं, माझं चुकलं तर आईंना कळेलच."

 

घड्याळवाल्यांनी हातातलं मुटकं नाकाशी नेलं, लांब श्वास घेतला. "मला तर ताजाच वाटतो हो. घोटाळा काहीच नाही."

"असेल," मावशी म्हणाल्या. "पण ते तुम्ही सांगायचं नसतं. ते मी सांगायचं असतं, तुम्ही बसायच्या आधी."

त्यांनी घड्याळवाल्यांच्या हातातून मुटकं घेतलं, कारकुनांची बशी उचलली, वाटीतल्या उरलेल्या फोडी घेतल्या आणि सगळं कचऱ्याच्या डब्यात टाकलं. कारकून मुकाट्याने उठून गेले. खिडकीशी बसणारी एक बाई सहा वर्षं येत होती. तिने अर्धी बशी तशीच ठेवली आणि मावशींकडे न बघता निघून गेली. कारकुनांचं मावशींना फारसं वाटलं नाही, तिचं लागलं. घड्याळवाले मात्र हलले नाहीत. "काकडी आणि अंडं म्हणत होतात ना," ते म्हणाले, "ते आणा. भूक लागली आहे."

ते त्यांनी खाल्लं, सगळं खाल्लं आणि गेले. मग मावशींनी सुरी धुतली, पुसली, फडक्यात गुंडाळली. एप्रन काढला. फळीला वळसा घालून त्या पलीकडे गेल्या आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या. चौतीस वर्षांत त्या बाजूला त्या फक्त केर काढायला गेल्या होत्या. तिथून फळी फार उंच दिसत होती.

"आई, तिथे का बसलात?"

मावशींनी म्हातारबाबांना दिलेला शब्द तिला सांगितला. पहिल्यांदाच सांगितला, ते वाक्यही सांगितलं.

सुनेने फडक्यात गुंडाळलेल्या सुरीकडे बघितलं. मग नाक ओढत म्हणाली, "मला तर काकडीसुद्धा सरळ कापता येत नाही. तुमच्या हातांना काय झालंय?"

"हातांना काही नाही."

"मग? सर्दी चार दिवसांत जाईल."

मावशी हसल्या नाहीत. पण त्यांनी आपले दोन्ही हात फळीवर ठेवले, उलटेसुलटे करून बघितले. बोटं नेहमीची होती, नखांपाशी मिठाने सोललेली. म्हातारबाबांचं वाक्य त्यांनी एवढी वर्षं घोकलं होतं आणि दर वेळी दोन्ही वाटे, हाताचाही आणि नाकाचाही, आपल्याच पदरात घालून घोकलं होतं. पोरीने शिंक दिली. सणसणीत दिली, एप्रनमध्ये दिली. मावशी उठून आत गेल्या, तिच्यासाठी पाणी गरम करायला ठेवलं आणि येताना खडू घेऊन आल्या.

दाराबाहेर रोजच्या माशांची यादी लिहायची पाटी होती. मावशींनी ती ओल्या फडक्याने पुसली आणि ठळक अक्षरात लिहिलं: "चार दिवस कच्चा मासा मिळणार नाही. सुनेला सर्दी झाली आहे."

सून मागून वाचत होती. "अहो आई, हे काय लिहिलंत? नुसतं मासा नाही म्हणा. अख्खी गल्ली वाचेल."

"वाचू दे," मावशी म्हणाल्या आणि पाटी खिळ्याला सरळ केली. "दुकान कोणाचं आहे, ते गिऱ्हाइकांना माहीत असलं पाहिजे."