शाहीनला लेखनिक हवा

दुपारचे सव्वातीन वाजलेत. रेवती पाटोळे सत्तेचाळिसावा फोन ठेवते आणि कपाळ टेबलावर टेकवते. फक्त पाच मिनिटं, असं स्वतःला बजावून.

उद्या अकराला शाहीन मुजावरचा बारावीचा इतिहासाचा पेपर आहे. शाहीनला दिसत नाही. उत्तरं ती सांगणार, लिहायला लेखनिक हवा. आणि ठरलेल्या मुलीला सकाळीच कांजिण्या निघाल्यात. लेखनिक खालच्या यत्तेतलाच लागतो. रेवती रसायनशास्त्राची पदवीधर, म्हणजे ती स्वतः बसू शकत नाही. सहाच्या आत केंद्रावर नाव पोचलं नाही, तर शाहीनचं वर्ष गेलं. आणि हे शेवटचं वर्ष, असं तिच्या अब्बांनी आधीच सांगून ठेवलंय.

टेबलाचं लाकूड गार लागतं. मग ते टेबल राहत नाही, परीक्षेचा बाक होतो. पलीकडे भास्करअण्णा बसलेत, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात.

अण्णांनाही दिसत नसे. साखर कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होते. अंध मुलांना लेखनिक मिळवून देणारा गट त्यांनी अकरा वर्षं चालवला आणि दिवाळीत ते गेले. खांदा द्यायला रेवती होती, आता गटही तीच बघते.

"अण्णा, तुम्ही गेलात ना?"

"गेलो की. पण तुझा फोन दुपारपासून एंगेज. म्हटलं, बघून यावं पोरीला झालंय तरी काय."

"कुणी मिळत नाही हो. ग्रुपवरसुद्धा मेसेज टाकलाय."

"वाच."

रेवती वाचते. अकरावीत शिकत असावा अथवा असावी. अक्षर सुवाच्य असावे. ओळखपत्राच्या दोन प्रती आणाव्यात. सांगितलेले उत्तर चुकीचे वाटल्यास दुरुस्त करू नये, केल्यास कारवाई होऊ शकते. असे चौदा मुद्दे. ती वाचत राहते तसतसे हॉलमधले बाक मागे मागे सरकत जातात.

अण्णा खो खो हसतात. "अगं, मदत मागितलीस की टेंडर काढलंस?"

"पण यातलं एकही वाक्य चुकीचं नाही."

"नाही ना. पण शाहीन कुठंय यात?"

ती चौदाही मुद्दे पुन्हा तपासते. शाहीनचं नाव नाही. 'दृष्टिहीन परीक्षार्थी' आहे, चार वेळा.

अण्णा उठतात, नेहमीसारखा तिचा उजवा हात कोपराच्या वर धरतात आणि दोघं चालू लागतात. बाकांमधली वाट एसटी स्टँडच्या फलाटावर निघते. गाड्या उभ्या आहेत, आत माणसं नाहीत. प्रत्येक सीटवर एकेक काळा फोन वाजतोय. रेवती एक उचलते. "आमच्या सानिकाची स्वतःचीच परीक्षा आहे हो." दुसरा उचलते. "याचे मार्क मिळतात का काही? नाही? मग राहू दे." तिसरा उचलायला ती वाकते, पण अण्णा तिला ओढून पुढे नेतात.

"चौतीस वर्षं फोनवर काढली मी. फोनवर नाही म्हणायला माणसाला श्वाससुद्धा घ्यावा लागत नाही."

"मग तुम्ही काय करायचात?"

"कॉलेज सुटायच्या वेळी फाटकात जायचो. परीक्षा देणाऱ्या पोराला बरोबर घेऊन. तेच बोलायचं, मी नुसता शेजारी उभा. नियम मागनं, चहा पिताना."

"आणि कुणीच थांबलं नाही तर?"

फोन वाजतच राहतात.

"अण्णा, सांगा ना. सहा वाजायला आलेत."

"एकदा नव्हतं थांबलं कुणी. राजाराम होता, कुंभाराचा. त्या वर्षी परीक्षेला बसला नाही. पुढच्या वर्षी बोलवायला गेलो, तर दारच उघडलं नाही त्यानं."

"हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत!"

"तू नियम विचारायचीस. ते सांगत गेलो."

रेवतीला रडू फुटतं. डोळे पुसून ती बघते, तर फलाट नाही, गाड्या नाहीत, अण्णाही दिसत नाहीत. काहीच दिसत नाही. फक्त कोपरावरची पकड आहे, आणि ती घट्ट होत चाललीय.

"कुठं नेताय मला?"

"फाटकाकडे. हळू, पायरी आहे."

पाय खाली जातो आणि रेवती दचकून जागी होते.

तीन बावन्न. कॉलेज सव्वाचारला सुटतं. उजवा हात ठसठसतोय. ती बाही वर करते. कोपराच्या वर, बाहेरच्या बाजूला चार लाल वळ आणि आत एक. ती टेबलाची कड बघते, वहीची तार बघते. हात कशावर दाबला गेला असेल ते शोधते. मग डाव्या हाताची बोटं त्या वळांवर ठेवून पाहते. बोटं जुळत नाहीत. वळ जास्त रुंद आहेत.

ती शाहीनला फोन लावते.

"मिळालं कुणी, ताई?"

"नाही. चप्पल घालून तयार राहा, मी न्यायला येतेय. कॉलेजच्या फाटकावर जाऊ."

पलीकडे चपलांचा आवाज येतो. मग शाहीन विचारते, "तिथं मी बोलू त्यांच्याशी?"

"तूच बोल," रेवती म्हणते आणि बाही तशीच वर ठेवून जिना उतरू लागते.