दोन जुंपलेल्या गाड्या आणि आत्याच्या मिरच्या

सत्तेचाळीस सालचा हिवाळा. तापीकाठचं आमचं गाव, सारंगखेड्याची यात्रा तोंडावर आलेली आणि भर दुपारी आमच्या दारात बैलगाडी जुंपून तयार... यात्रेला नव्हे, पळून जायला.

मी तेव्हा नऊ वर्षांची. (नातीनं हा फोन दिलाय, बोललं की आपोआप टाइप होतं. चुका त्याच्या, आठवणी माझ्या.)

तेव्हा देशभर दंगलींच्या बातम्या. त्यात कुणीतरी येऊन सांगितलं, नदी उतरून टोळी येतेय, घरं जाळतेय. दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले आत्ताच निघायचं, स्टेशनकडे मामाच्या गावी. आई डोळे पुसत भांडी गाडीत भरत होती. घर परत दिसेल की नाही, कुणालाच माहीत नव्हतं.

अडून बसली ती फक्त मोठी आत्या. अंगणात तिच्या लाल मिरच्या वाळत होत्या...

"तुम्ही जा. मी मन्ह्या मिरच्या सोडीसन नही जास."

नुसती बसली असती तर आत्या कसली! घर राखायला तिनं दाराशी घमेलंभर निखारे आणून ठेवले. टोळी आली की त्यावर मिरच्या टाकायच्या, उंबरा ओलांडायची कुणाची टाप नाही, असा बेत. दादा वैतागले, पण मोठ्या बहिणीपुढे त्यांचं काही चालत नसे.

मग तिला वाटलं, आधी थोडं करून बघावं. थोडं म्हणजे दोन ओंजळी... आणि नेमका वारा फिरला. सगळा धूर घरात, आणि आम्ही शिंकत, ठसकत, डोळे चोळत रस्त्यावर. टोळी यायच्या आधी आत्यानंच आम्हाला घराबाहेर काढलं.

धूर भिंतीपलीकडेही गेला. शेजारी रहीमचाचा पिंजारी राहायचे. आमच्या गाद्या तेच भरून द्यायचे, त्यांची जैबू माझी जिवाभावाची मैत्रीण. पण आठ दिवस दोन्ही घरांची दारं बंद आणि बोलणंही बंद होतं. ते सगळे आता खोकत बाहेर आले... आणि उघड्या दारातून त्यांच्या अंगणातली बैलगाडी दिसली. जुंपलेली. गाद्या, भांडी, कापूस पिंजायची धनुकली, सगळं भरलेलं.

दोन्ही घरं एकमेकांकडे बघत उभी. चाचांनी हळूच सांगितलं, टोळी स्टेशनकडून येतेय असं त्यांना कळलं होतं, म्हणून ते नदीपार निघाले होते. म्हणजे आम्ही पळणार होतो ते थेट त्यांनी ऐकलेल्या टोळीच्या तोंडी, आणि ते आम्ही ऐकलेल्या!

आत्यानं पदरानं नाक पुसलं.

"दोन्हीकडथीन टोळी ई ऱ्हायनी म्हने. मंग आपला गावच बरा शे."

आधी चाची हसल्या. मग कुणालाच थांबता येईना... हसायचं, ठसका लागायचा, पुन्हा हसायचं. दादांनी आमचे बैल सोडले, मग पलीकडे जाऊन चाचांचेही सोडले.

पुढचे चार दिवस दादा आणि चाचा काठ्या घेऊन एकाच ओट्यावर बसले. मी आणि जैबू दिवसभर चाचांच्या कापसाच्या ढिगात. इतकी खूश मी आयुष्यात क्वचितच झाले असेन. टोळी नदीकडून आली नाही, स्टेशनकडूनही नाही. उरलेल्या मिरच्या वाळल्या तशी त्यातली एक टोपली आत्यानं चाचींकडे पोचती केली.

आता फोनवर घाबरवणारे मेसेज येतात. मी ते पुढे पाठवत नाही. काठी टेकत शेजारी जाते आणि विचारते, तुमच्याकडे कोणत्या बाजूनं येतेय म्हणे?

अजून एकदाही दोघांची बाजू जुळलेली नाही... चहा मात्र दर वेळी मिळतो.