आधी म्हातारा

गुरुवारची संध्याकाळ होती. सौदीतल्या धाहरानच्या साइटवरून आमची बस कॅम्पकडे निघाली होती आणि नेहमीप्रमाणे निम्मी बस डुलक्या घेत होती. फोन थरथरला. सदाभाऊंच्या मुलीचा, मेघाचा, व्हॉइस मेसेज होता. "काका, बाबा गेले. सकाळी चहा घेतला, पेपर मागितला, आणि मी पेपर घेऊन येईपर्यंत..." पुढे तिला बोलवेना. मी तो मेसेज पुन्हा लावला, जणू दुसऱ्यांदा ऐकल्यावर काही वेगळं निघणार होतं. शेजारी बसलेल्या बिहारी वेल्डरने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, हमारे सदाभाऊ गये. तो म्हणाला, "अच्छा? एक्झिट पे?" त्याचा काही दोष नाही. आमच्याकडे माणूस गेला म्हणजे एक तर सुट्टीवर गेला, नाहीतर इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, परत करून कायमचा घरी गेला. तिसऱ्या जाण्याबद्दल आम्ही सहसा बोलत नाही. मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. सदाभाऊ असते तर वेल्डरचा हा प्रश्न त्यांनी तिखटमीठ लावून अख्ख्या मेसमध्ये सांगितला असता.

सदाभाऊ आमचे इलेक्ट्रिकल फोरमन, गुहागर तालुक्यातले. मी तासगावकडचा पाइपफिटर. कोकण आणि घाट एका खोलीत टाकून कॅम्पबॉसने आमची गंमतच केली होती. मी नवीन होतो, विमानतळावरून थेट पोर्टाकॅबिनमध्ये आणून सोडलेला, आणि समोरच्या खाटेवर हा उंच, सडसडीत माणूस डिंगऱ्या नावाच्या फाटक्या बनियनला शिवण घालत बसला होता. हो, बनियनला नाव होतं. खोलीतल्या प्रत्येक वस्तूला त्यांनी नाव दिलेलं होतं. एसी म्हणजे सासूबाई, कारण आवाज फार आणि गारवा कमी. माझी बॅग बघून ते म्हणाले, घाटावरचा दिसतोस, तिखट आणलं असशील, वरच्या फळीवर ठेव. ओळख झाली ती एवढीच, आणि ती जन्मभर पुरली.

आमच्यासारख्यांचा एक रिवाज आहे, तो सांगितल्याशिवाय सदाभाऊ कळायचे नाहीत. पगार झाला की येणाऱ्या शुक्रवारी कंपनीची बस जवळच्या खोबर शहरात जाते. तिथे पैसे पाठवण्याच्या काउंटरवर रांग लागते, पगार जवळजवळ सगळाच्या सगळा गावी जातो, आणि मग एका मल्याळी हॉटेलात परोटा खाताना फोनवरचे फोटो फिरतात. फोटो बायकापोरांचे कमी, घराचे जास्त. कुणाचा स्लॅब पडला, कुणाची फरशी बसली, कुणी गॅलरीला स्टीलचं रेलिंग केलं. एक मजला झाला की दुसरा चढवायचा. त्यात राहणार कोण, हा प्रश्न विचारणं असभ्य समजलं जातं. पोरं पुण्या-मुंबईला, आपण इथे, आणि वरच्या मजल्यावर नव्या कोऱ्या पलंगांवर प्लास्टिक तसंच... पण गावातून जाणारा माणूस मान वर करून बघतो ना, त्यासाठी सगळं. मीही त्याच रांगेत होतो, तेव्हा मी काही वेगळा नाही.

पहिल्याच पगाराला माझ्या लक्षात आलं की सदाभाऊंच्या हातात दोन पावत्या आहेत. विचारलं तर म्हणाले, एक घरची, एक म्हाताऱ्याची. मी चांगल्या घरातल्या मुलासारखं विचारलं, वडिलांची तब्येत बरी आहे ना? ते खो खो हसले. "अरे, माझा बाप जाऊन जमाना झाला. म्हातारा म्हणजे मी. साठीच्या पुढचा. तो तिकडे घरी येऊन बसणार हाय आणि त्याला कोण पोसणार, सांग? इथला शेख?" मग परोटा गार होईपर्यंत त्यांनी मला त्या म्हाताऱ्याची ओळख करून दिली. त्याला दोन वेळा चहा लागतो, साखर जास्त. बाजाराच्या दिवशी त्याला सुरमई हवी. आणि केस कापायला तो मुलाकडे पैसे मागणार नाही. हे शेवटचं सांगताना मात्र ते हसत नव्हते. त्यांच्या वाडीत आखातातून परत आलेला एक गृहस्थ होता, दुमजली घराचा मालक, आणि तो चष्म्याची काडी मोडली म्हणून सुनेची मर्जी सांभाळत ओटीवर बसून राहायचा. ते चित्र सदाभाऊंच्या डोळ्यांपुढून कधी हललं नाही.

परदेशी कामगाराला इथे पेन्शन नाही. जाताना नोकरीचा एकरकमी हिशेब मिळतो आणि तो एखाद्या लग्नात किंवा एखाद्या मजल्यात जिरून जातो. पण परदेशात राहणाऱ्या भारतीयालाही आपल्या सरकारच्या पेन्शन योजनेत आपणहून हप्ते भरता येतात, हे आमच्या खोलीत कुणाच्या गावीही नव्हतं. सदाभाऊंना ते एका सुट्टीत बँकेत बसल्या बसल्या कळलं आणि त्यांनी ते देवाचं करावं तसं निष्ठेने सुरू केलं. त्याआधी चिपळूणकडच्या कारखान्यातली नोकरी सोडून इकडे येताना सोबतच्यांनी फंडाचा पै-पैसा काढून व्हिसाच्या एजंटला दिला होता, पण ह्यांनी पेन्शनचा भाग तसाच राहू दिला होता. काउंटरवर त्यांचा क्रम ठरलेला असे. आधी म्हातारा, मग घर. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडायचं, सदाभाऊ, म्हाताऱ्याची तब्येत कशी आहे? ते मागे न बघता म्हणायचे, टुणटुणीत. हळूहळू खोलीतल्या उरलेल्या आम्हा तिघांचेही म्हातारे झाले. माझा त्यांनी हाताला धरून करवून घेतला. सुट्टीत बँकेत गेलो तेव्हा फोनवरून ते मला विचारत होते, झालं का, निघू नकोस, पावती घेऊन नीघ.

हे सगळं सदाभाऊंच्या बायकोला, रजनीवहिनींना, मात्र मुळीच मंजूर नव्हतं. सदाभाऊंच्या घराचा तळमजला झाला होता आणि वर सिमेंटच्या खांबांतून सळ्या आकाशाकडे उभ्या होत्या, पुढच्या मजल्याची वाट बघत. त्या वाडीत सगळ्यांच्याच सळ्या एकेक करून वरच्या मजल्यात गडप झाल्या, फक्त ह्यांच्या राहिल्या आणि गंजायला लागल्या. आमच्या खोलीत फोन स्पीकरवर असायचा, त्यामुळे त्या सळ्यांचं भांडण आम्हाला पाठ होतं. वहिनी म्हणायच्या, लोक मला विचारतात, तुमचे हे तिकडे नक्की काय करतात? एकदा तर त्या सरळ म्हणाल्या, "मी इकडे एकटीनं पोरं वाढवली, ती काय तुमच्या त्या म्हाताऱ्यासाठी?" सदाभाऊ म्हणाले, नाही, म्हातारीसाठी पण. वहिनींनी फोन ठेवून दिला. त्यानंतर कितीतरी दिवस अबोला होता. गावाकडून कुणी सुट्टी संपवून आलं की वहिनी त्याच्याबरोबर आमसुलं आणि कुळथाचं पीठ पाठवायच्या. त्या खेपेला पुडकं आलं ते माझ्या नावाचं. मला, ज्याला त्यांनी तोवर पाहिलंही नव्हतं. सदाभाऊंनी माझ्याकडून त्या कुळथाची पिठी करून घेतली, दोन वाट्या ओरपल्या आणि म्हणाले, राग आहे, पण मीठ बरोब्बर घालायला सांगितलंय तिनं. मीठ मी घातलं होतं.

मग तो वाईट काळ आला. आमच्या तेव्हाच्या कंपनीचे पगार थांबले. मेस चालू होती, एवढाच आधार. आज देतो, उद्या देतो, बुकरा, इन्शाल्ला... आणि नेमकं त्याच वेळी मेघाचं लग्न ठरलं. भाऊबंदांनी सदाभाऊंना चहूकडून घेरलं. त्या पेन्शनीत पैसे पडून आहेत, मुलीच्या लग्नासाठी त्यातले काढता येतात, मग काढ की, कसली वाट बघतोस? खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं आणि तसं मी बोललोसुद्धा. त्यांनी मला समोर बसवलं. म्हणाले, लग्नाला एक दिवस लागतो, दत्ता, म्हाताऱ्याला पंधरा-वीस वर्षं काढायचीत. आणि त्यांनी नाही काढले. हप्ताही अगदीच बंद पडू दिला नाही. वर्षाला थोडं तरी टाकलं की खातं जिवंत राहतं, तेवढं थोडं त्यांनी कुठून कुठून वाचवून टाकलं. म्हातारा जरा उपाशी राहील, पण मरायला नको, असं म्हणायचे. हॉल घेतला नाही. लग्न घराच्या गच्चीवर झालं. मांडवाला बांबू पुरले नाहीत, तेव्हा मांडवाचे दोर त्या गंजलेल्या सळ्यांनाच बांधले. सदाभाऊ कशीबशी सुट्टी मिळवून गेले होते, तिथून त्यांनी मला फोनवर मांडव दाखवला. मागे वहिनी उभ्या होत्या, शालू नेसून, आणि चक्क हसत होत्या. म्हणाल्या, बघा भावजी, शेवटी उपयोगी पडल्या ना सळ्या.

साठ झाल्यावर ते कायमचे परतले. निघण्याच्या दिवशी खोलीतल्या सगळ्यांना वस्तू वाटल्या, सासूबाई माझ्या स्वाधीन केल्या, आणि डिंगऱ्याला कचऱ्यात टाकवेना म्हणून बॅगेत घालून नेलं. गावी जाऊन पेन्शनचे कागद पुरे करायचे होते. तिथे विचारतात की, पेन्शन तुमच्यापुरती हवी की तुमच्यानंतर बायकोलाही? बायकोलाही हवी असेल तर महिन्याला थोडी कमी बसते. मुलाने सांगितलं, बाबा, आई काय माझ्याकडेच असणार आहे, जास्तीची घ्या. सदाभाऊंनी कमीची घेतली. पहिली पेन्शन खात्यात आली तेव्हा मला साइटवर फोन आला. आवाज ओळखू येईना इतका आनंद. "दत्ता, म्हातारा पोचला रे." त्या दिवशी मी ज्याला त्याला चहा पाजला. का पाजतोय, ते फार कुणाला कळलं नाही.

मग सुट्टीत जायचो तेव्हा मी वाट वाकडी करून गुहागरला जायचोच. तो म्हातारा हुबेहूब त्यांनी परोटा खाताना सांगितला होता तसा होता. दोन चहा, साखर जास्त. महिन्यातून एकदा नवराबायको एसटीने बँकेत जायचे, येताना सुरमई आणायचे, आणि सदाभाऊ न्हाव्याला मुद्दाम दोन रुपये वर द्यायचे. वाडीत शाळामास्तर सोडून पेन्शन कुणाला नव्हती. वहिनी आता ओटीवर बसून बायकांना सांगायच्या, आमच्या ह्यांची पेन्शन. त्यातलं 'ह्यांची' हळूहळू गळालं आणि 'आमची' उरलं, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. माणूस एवढा समाधानी झालेला मी दुसरा पाहिला नाही. मला त्यांचा हेवा वाटायचा, आणि फार प्रेमही वाटायचं.

अंत्यविधीला मला पोहोचता आलं नाही. इथून बाहेर पडायच्या आणि परत यायच्या व्हिसाचे सोपस्कार उरकून मी गेलो तेव्हा दिवसकार्य होऊन काही आठवडे उलटले होते. वाटेत एकच काळजी होती, वहिनींचं कसं होणार. मुलगा त्यांना पुण्याला न्यायला आलेला होता, ते मला माहीत होतं. घरात शिरलो तर वहिनी गच्चीवर आहेत, असं मेघा म्हणाली. वर गेलो. त्या सळ्यांना दोऱ्या बांधलेल्या होत्या, दोरीवर धुणं वाळत होतं, त्यात तो डिंगऱ्याही होता, आता फडकं झालेला. खाली ताटांत आमसुलं घातलेली. मी डोळे पुसले. वहिनीही थोड्या रडल्या, मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, पुण्याला मी जाऊन येईन, राहणार मात्र इथे. मुलाला सांगितलंय. पेन्शन आता माझ्या नावावर झालीय, मला कुणाला विचारायचं नाही. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, ताठाही नव्हता. घरात उजेड आहे, असं सांगावं तसं त्या सांगत होत्या. मुलगा म्हणाला होता, निदान आता वरचा मजला तरी चढवू. त्यावर त्या म्हणाल्या, मग माझं वाळवण कुठे घालू?

मेघा खालून चहाला हाक मारत होती. जिन्याकडे वळताना वहिनींनी मला थांबवलं. "भावजी, तुमच्या म्हाताऱ्याचं काय? ह्या महिन्याचं पाठवलंत?"

मी जरा घुटमळलो. म्हटलं, ह्या महिन्यात तिकिटातच फार गेले, परत गेलो की बघतो. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. काउंटरवर रांग मोडणाऱ्याकडे सदाभाऊ बघायचे, अगदी तसं. मी खिशातून फोन काढला, सळईला टेकून उभा राहिलो आणि हप्ता भरला. मेघाने परत हाक मारली, काका, चहा गार होतोय.

"होऊ दे गार," वहिनी वरूनच म्हणाल्या. "आधी म्हातारा, मग चहा."