टपरीखालचा जॉइंट

केबल सोलायला बसण्याआधी हणमंतआण्णा, ठेकेदाराकडचे केबल जोडणारे, हात धुवायचे, फडक्याने पुसायचे आणि मग पालथा हात गालाला लावून बघायचे. जराशी ओल वाटली की पुन्हा पुसायचे. शिरवळच्या प्रयोगशाळेत मी तेव्हा नवीन होते, केबली तपासायला लागलेली. मला हसू यायचं. लग्नाला निघालाय का आण्णा, असं मी एकदा विचारलंही. ते हसले नाहीत.

"मॅडम, ह्या पांढऱ्या प्लास्टिकला सुरकुत्या पडत न्हाईत. ते आतनं म्हातारं हुतं."

खरंच आहे ते. हजारो व्होल्टची केबल जोडताना आत ओल राहिली, तर विजेच्या ताणाखाली ती वर्षानुवर्षं त्या प्लास्टिकमध्ये झुडपासारखी पसरते. आम्ही त्याला पाण्याचं झाड म्हणतो. वरून काही कळत नाही, आणि एक दिवस केबल स्फोट होऊन फुटते, वर असेल त्याला भाजते.

अशी ओलीची शंका असलेला एक जॉइंट, म्हणजे केबलचा जोड, आण्णांच्या हातून झाला होता. एका कारखान्याच्या फाटकाजवळ, पावसात. ऐन वेळी वरची ताडपत्री वाऱ्याने उडाली. कापून पुन्हा करतो, असं आण्णा म्हणाले. साहेब म्हणाले, कारखाना खोळंबलाय, बुजवा खड्डा. आण्णांनी मुकाट्याने बुजवला. पुढे दरवर्षी ते तो उघडायची परवानगी मागत राहिले. केबल चालू आहे ना, मग गप बसा, एवढंच उत्तर यायचं.

नेमकी त्याच जागेवर चहाची टपरी आली. झालं, आण्णा अडकले ते अडकलेच. रोज सकाळी जाऊन ते टपरीवाल्याला दहा पावलं सरकवायचे, दुपारी तो सावलीसाठी परत तिथेच यायचा. इकडे कोरेगावात त्यांची आई एकटी. ठेकेदाराचं तिथेही काम होतं, दोनदा बदली चालून आली, दोन्हीदा यांनी नको म्हटलं. माझं डोकंच फिरायचं. एका जॉइंटपायी कुणी म्हाताऱ्या आईला ताटकळत ठेवतं का? दुसऱ्या कुणाला तरी सांगून जा की, म्हटलं.

"सांगितलंय समद्यांस्नी," ते म्हणाले. "पर भ्या मलाच वाटतंय न्हवं."

आई फोनवर एकच विचारायची, कवा येतोस? तेवढं एक काम उरकलं की आलोच, आण्णा म्हणायचे. गेल्या वर्षी ती गेली. हे पोचले तेव्हा घरात शेजारणी बसल्या होत्या.

यंदा रस्ता रुंद करताना ती केबल निघाली. जॉइंटलगतचा तुकडा आण्णांनी स्वतः कापून माझ्याकडे आणला. मी त्याच्या पातळ चकत्या काढल्या, निळ्या रंगात मुरवल्या आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. झाड असतं तर निळं झुडूप दिसलं असतं. एकाही चकतीत काही नव्हतं. सुटलात आण्णा, म्हणून मी ओरडलेच. एक थेंब आत गेला नव्हता, काय हात आहे तुमचा, असं काय काय बोलत सुटले. वेडीच मी.

आण्णांनी चष्मा पुसून स्वतः पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग अजून एक चकती काढायला लावली. तीही कोरी निघाली.

"काय तरी आसंल, मॅडम. बारकं का हुईना."

ते अक्षरशः विनवत होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी खोटं बोलायला हवं होतं. पण आता त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"मग मी आईपाशी का न्हाई गेलो?" आण्णांनी मला विचारलं.